त्याच्या वडिलांशी तुमची शर्यत नाहीये

प्रिय दादा,

तुमचं पत्र बरंच मोठं आहे आणि ते कापून इथे छोटं करायचं जीवावर आलंय, पण बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही 41 वर्षांचे, वाळूजला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. चार वर्षांपूर्वी तुम्ही लग्न केलंत, तुमचं पहिलंच, बायकोचं दुसरं, आणि तिच्यासोबत तिचा आठ वर्षांचा मुलगा घरात आला. आता तो बारा वर्षांचा आहे, सातवीत. त्याचे वडील पुण्यात असतात. घटस्फोट दोघांच्या संमतीने झालेला. वर्षातून तीन-चार वेळा येतात, दिवाळीला कपडे आणि फटाके, मागच्या वाढदिवसाला तर मोबाईलच आणला, पण फी, क्लास, दवाखाना यासाठी आजवर एक रुपया पाठवलेला नाही. फोनवर ‘रविवारी येतो रे’ म्हणतात आणि बहुतेक रविवारी येत नाहीत. मध्यंतरी पालकसभा होती, बायकोला सुट्टी नव्हती म्हणून तुम्ही नाइट शिफ्ट करून न झोपता तसेच शाळेत गेलात, नवीन आलेल्या बाईंनी विचारलं ‘तुम्ही याचे वडील का?’ आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, ‘नाही नाही, हे माझ्या आईचे मिस्टर आहेत.’ त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं नाही. वर सासूबाई येता-जाता म्हणतात, परक्याचं ते परक्याचंच राहतं, स्वतःचं एक होऊ द्या. आणि तुम्ही मला विचारलंय की त्याला त्याच्या बापाचं खरं काय ते एकदाचं सांगून टाकू का, शाळेत त्याचं नाव बदलून घेऊ का, आणि हे सगळं करून मी या घरात नेमका कोण.

सगळ्यात आधी त्या शाळेतल्या वाक्याबद्दल, कारण तुमचं सगळं पत्र तिथेच अडकलंय.

तुम्हाला लागलं हे साहजिक आहे, कोणालाही लागलं असतं. चार वर्षं डबे भरायचे, ताप आला की रात्री मेडिकल शोधत फिरायचं, आणि पोरगं चारचौघांत असं बोलतं. पण दादा, त्याच्या जागी जरा बसून बघा. नवीन बाई, वर्गातली पोरं आसपास, आणि त्याच्या हजेरीपटावर मधलं नाव दुसऱ्याच माणसाचं आहे. आपल्याकडे पोराच्या नावात बापाचं नाव रोज उच्चारलं जातं, हजेरीला, परीक्षेच्या हॉलतिकिटावर, स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर. तुम्ही ‘हो’ म्हणाला असता तर बाईंनी तुमचं नाव विचारलं असतं, ते जुळलं नसतं, मग पुढचे प्रश्न आले असते, आणि ते सगळं त्या पोराला चार मित्रांसमोर समजावून सांगावं लागलं असतं. त्याने ते घाईघाईने मिटवलं. बारा वर्षांच्या पोराने दोन सेकंदात केलेली ती सोय होती, तुमच्या चार वर्षांचा निकाल नव्हता तो.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. अशा घरातल्या पोरांच्या मनात एक हिशोब सतत चालू असतो आणि तो ते कोणाला सांगत नाहीत. मी यांना बाबा म्हटलं तर माझ्या बाबांचं काय? ज्या बापाला आपण रोज भेटतो त्याच्यावर रुसता येतं, भांडता येतं, दोन दिवस बोललं नाही तरी तो तिसऱ्या दिवशी घरात असतोच. जो चार महिन्यांतून एकदा दिसतो त्याला असं गृहीत धरता येत नाही. त्याला जपावं लागतं, त्याची बाजू घ्यावी लागते, नाहीतर तो यायचाच बंद होईल अशी धास्ती असते. म्हणून पोरगा तिकडे इतकं देतो आणि तुमच्याकडे तोंड वाकडं करतो, कारण तुम्ही जाणार नाही याची त्याला खात्री आहे. ही खात्री चार वर्षांत तुम्हीच दिलीय त्याला.

तुमच्याच पत्रात मधे एक ओळ आहे, तुम्ही ती अशीच लिहून पुढे गेलात. पहिली दोन वर्षं गाडीवर मागे बसला की तो सीटमागचा लोखंडी दांडा धरायचा, आता तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. तो कधी बदलला ते तुम्हाला आठवतही नाही म्हणता. मी तुमच्या जागी असते तर शाळेतल्या वाक्यापेक्षा या हाताला जास्त मानलं असतं. तोंडाने पोरं काय वाटेल ते बोलतात.

आता वडिलांचं खरं सांगायचं का. तुम्ही लिहिलंय की ‘त्या माणसाने हिला किती त्रास दिला, पैसे कसे बुडवले, हे सगळं एकदा पोराला कळलं की त्याचे डोळे उघडतील.’ दादा, हे करू नका. तुम्ही तर नकोच, आणि बायकोनेही रागाच्या भरात नको. पोराला वाटतं मी निम्मा त्यांचा आहे, दिसतोही त्यांच्यासारखा, तेव्हा बाप वाईट म्हटलं की तो ते स्वतःवर घेतो. आणि सांगणारे तुम्ही असाल तर तुमच्या प्रत्येक चांगल्या वागण्यामागे त्याला तोच डाव दिसायला लागेल.

पण झाकूही नका. ही दुसरी चूक बऱ्याच भल्या घरांमध्ये होते. ‘बाबांना काम आलं रे’, ‘गाडी बंद पडली असेल’, असं आई सांगत राहते, कारण पोराचा चेहरा बघवत नाही. याने काय होतं, तर पोरगा पुढच्या रविवारी परत तेवढ्याच आशेने बसतो, आणि एक दिवस जेव्हा त्याला कळतं की कारणं आई बनवत होती, तेव्हा आईवरचाही विश्वास जातो. बापाची माणूस म्हणून लायकी काढायची नाही आणि त्याच्या वतीने खोटंही बोलायचं नाही, या दोन्हीच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात तुम्हाला चालायचंय. ‘ते येतो म्हणाले होते, आले नाहीत, का ते मला माहीत नाही, तुला वाईट वाटलं असेल ना?’ एवढंच. मग गप्प बसायचं. तो चिडला तर चिडू द्या, दार आपटलं तर आपटू द्या.

मागे एका वाचकाने, आता चाळिशीला आलेल्या, मला लिहिलं होतं. त्यालाही आईच्या दुसऱ्या नवऱ्याने वाढवलं. त्याने लिहिलं होतं की मी कॉलेजला असताना स्वतः वडिलांच्या गावी गेलो, चार दिवस राहिलो, आणि ते काय आहेत ते मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. घरी परत आलो तेव्हा दार काकांनी, म्हणजे आईच्या दुसऱ्या नवऱ्याने, उघडलं. ते इतकंच म्हणाले, हातपाय धू, जेवायला वाढतो. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या वडिलांबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता म्हणून मी त्या रात्री त्यांच्याजवळ रडू शकलो. ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणणारं घर असतं तर मी परत आलोच नसतो.

तुमचं पोरगंही एक दिवस स्वतःच बघेल. बारा वर्षांचा आहे, तीन-चार वर्षांत त्याला सगळं दिसायला लागेल, फार तर पाच. तोपर्यंत त्याला पडायला जागा राहील एवढं बघा.

रविवारचं मात्र काहीतरी करावंच लागेल. तुम्ही लिहिलंय की तो सकाळी नऊपासून बूट-मोजे घालून गॅलरीत उभा राहतो, दुपारी दोनला जेवायला बसतो तेव्हाही बूट काढत नाही, आणि आई काढ म्हणाली की तिच्यावर ओरडतो. हे वाचून मला फार त्रास झाला. यात पोराची काही चूक नाही आणि तुमचीही नाही, पण हे असंच चालू द्यायचं नाही. बायकोने त्याच्या वडिलांशी स्वतः बोलावं, तुम्ही मधे पडू नका, भांडण नको, साधं सांगावं की येणार असाल तर आधी मला फोन करा, निघालात की कळवा, मग मी त्याला सांगेन, परस्पर त्याला तारीख द्यायची नाही. ते ऐकतील याची खात्री नाही, पण सांगितलेलं असावं. आणि पोराला सांगा, आपण अकरापर्यंत थांबू, अकरानंतर आपला कार्यक्रम सुरू, ते नंतर आले तर तिथे येतील किंवा आपण परत येऊ. मग खरंच कुठेतरी जा. दौलताबादचा किल्ला चढून या, सिद्धार्थ उद्यानात जा, नाहीतर नुसतं गाडी धुवायला घ्या दोघं मिळून. पहिल्या एक-दोन वेळी तो येणार नाही, फुगून बसेल. तुम्ही रागावू नका, पण रद्दही करू नका, ‘आम्ही अमुक ठिकाणी आहोत, वाटलं तर फोन कर, घ्यायला येतो’ म्हणून निघा. आईने त्याच्याजवळ थांबावं. हळूहळू त्याला कळेल की रविवार कोणा एकाच्या फोनवर टांगलेला नसतो.

आणि तो मोबाईल. तुम्ही विचारलंय, त्याच्या बापाने दिलेला म्हणून मी काही बोलू शकत नाही का? बोलू शकता, पण नियम आईने लावायचे. माझं असं स्पष्ट मत आहे की दुसऱ्याच्या पोराच्या आयुष्यात आलेल्या माणसाने पहिली काही वर्षं शिस्तीचं खातं आपल्याकडे घेऊच नये. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागणार हे आई सांगेल, आणि आई घरी नसताना तुम्ही म्हणाल, ‘आईने सांगितलंय.’ तुम्हाला हा कमीपणा वाटेल, पुरुषमाणूस घरात असून बायकोचं नाव पुढे करायचं म्हणजे काय. वाटू द्या. याचा फायदा असा की तुमच्यासाठी बाकी सगळं उरतं, अभ्यासातलं गणित, क्रिकेट, गाडी शिकवणं, आणि आता लवकरच त्याचा आवाज फुटेल, मिसरूड येईल, अंगात बदल होतील, ज्याबद्दल तो आईला विचारणार नाही आणि पुण्याहून येणाऱ्याला विचारायला तेवढा वेळच मिळणार नाही. तेव्हा घरात एक मोठा माणूस लागतो ज्याच्याशी लाज न वाटता बोलता येईल. ती जागा रिकामी आहे, ती घ्या.

त्या वडिलांबद्दलही दोन शब्द लिहिते, तुम्हाला आवडणार नाहीत कदाचित. न येणारे सगळे बाप निर्दयी असतात असं नाही. काहींना शरम असते, खिशात पैसे नसतात, नवीन संसारात जुन्याचं नाव काढायची चोरी असते, आणि एकदा सहा महिने गॅप पडला की तोंड दाखवायची हिंमत होत नाही म्हणून अजून सहा महिने. मग दिवाळीला एकदम मोठी भेटवस्तू घेऊन यायचं, म्हणजे पोराच्या डोळ्यात तरी मोठं दिसता येतं. मला हे सगळं समजतं. पण समजलं म्हणून मी त्याला माफ करायला तयार नाही. शरम वाटते तर महिन्याला हजार रुपये पाठवून सुरुवात करता येते, रोज रात्री पाच मिनिटं फोन करता येतो, त्याला एसटीचं तिकीटसुद्धा लागत नाही. बाप असण्यातला सगळ्यात सोपा भाग त्याने स्वतःकडे ठेवलाय आणि रोजचं ओझं तुमच्या अंगावर टाकलंय, हे अन्यायाचंच आहे आणि तुम्हाला त्याचा राग येतो तो बरोबरच आहे. राग माझ्याकडे काढा, बायकोजवळ काढा, मित्राकडे काढा, फक्त पोराच्या कानावर जाऊ देऊ नका.

शाळेतल्या नावाकडे येते. तुमच्या पत्रात लिहिलंय की बायकोचीही इच्छा आहे, ‘एकदा दाखल्यावर तुमचं नाव लागलं की कटकट संपेल.’ तुम्ही सगळे हिंदू कायद्यात येता असं धरून सांगते. त्याचे वडील हयात आहेत आणि कायद्याने ते आजही त्याचे वडीलच आहेत, घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, बाप-लेकाचा होत नाही. त्यामुळे मधलं नाव काढून तुमचं घालणं हे अर्ज देऊन होणारं काम नाही. रीतसर रस्ता म्हणजे तुम्ही त्याला दत्तक घेणं. सावत्र वडिलांना तसं घेता येतं, पण त्याला जन्मदात्या वडिलांची संमती लागते, पोराची स्वतःची संमतीही लागते, आणि 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. आणि एकदा ते झालं की पहिल्या वडिलांशी असलेलं कायद्याचं नातं संपतं, म्हणजे त्यांची जबाबदारीही संपते. आज त्या पोराला हे विचारणं म्हणजे त्याला निवड करायला लावणं, आणि ती त्याच्यावर आत्ता टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

2022 सालीच सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला होता, आंध्रमधल्या एका आईचा. नवरा वारला, तिने दुसरं लग्न केलं, आणि मुलाचं पालकत्व मागत आजी-आजोबा कोर्टात गेले, त्यातून आडनावाचा वाद उभा राहिला. हायकोर्टाने सांगितलं होतं की दुसऱ्या नवऱ्याचं नाव कागदावर लावायचंच असेल तर ‘सावत्र वडील’ असं लिहा. सुप्रीम कोर्टाने ते सपशेल चुकीचं ठरवलं, असं लिहायला लावणं पोराच्या मनासाठी क्रूर आहे असं म्हटलं, आणि आडनाव ठरवायचा हक्क आईचा आहे असं सांगितलं. पण तिथे वडील हयात नव्हते, तुमच्याकडे आहेत, म्हणून तो निकाल उचलून इथे लावता येणार नाही. तुमच्या कामाचा निकाल जुना आहे, 1999 चा. रिझर्व्ह बँकेचे बाँड मुलाच्या नावाने घेताना आईची सही चालेना म्हणून एक आई कोर्टात गेली होती, आणि कोर्टाने सांगितलं की वडील लक्षच देत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक म्हणून सही करू शकते. म्हणजे शाळेत, बँकेत, जिथे कोणी ‘वडिलांचीच सही आणा’ म्हणून अडवेल तिथे बायकोने ठामपणे सही करायची. निम्मी कटकट त्यानेच संपेल. उरलेलं तो अठरा वर्षांचा झाला की त्याचं तो बघेल, तेव्हा राजपत्रातून नाव बदलता येतं आणि त्याला वाटलं तर तो स्वतःहून करेल. नाही वाटलं तर नाही करणार, त्यानेही तुमचं काही कमी होत नाही.

शाळेला मात्र एक पत्र द्या, बायकोच्या सहीने, की पालक म्हणून हे येतील, इमर्जन्सीला यांना फोन करावा. वर्गशिक्षिकेशी तिने एकदा आधीच बोलून ठेवावं. म्हणजे सगळ्यांसमोर पोराला उत्तर द्यायची वेळच येणार नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती सगळ्यात जास्त खुपली. तुम्ही लिहिलंय, ‘माझं जे आहे ते त्याचंच आहे.’ दादा, मनातून असेल, कायद्याने नाही. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, त्याची मुलं आणि आई यांना आधी मिळतं, बायकोचा आधीच्या लग्नातला मुलगा त्यात बसत नाही. उद्या तुम्हाला स्वतःचं मूल झालं आणि तुम्हाला काही झालं, तर एकाच ताटात जेवलेल्या दोन पोरांपैकी एकाला हिस्सा आणि दुसऱ्याला काही नाही. नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका, नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे.

हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे एका माणसाला चांगलं कळलं होतं. 1874 च्या सुमारास जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. ती बाई जीव द्यायला निघालेली असताना जोतिरावांनी तिला घरी आणलं, तिचं बाळंतपण केलं, आणि ते पोर आपलं म्हणून वाढवलं, डॉक्टर केलं. त्या काळात भाऊबंद काय बोलले असतील याची कल्पना करा, तुमच्या सासूबाईंचं बोलणं त्यापुढे काहीच नाही. पण जोतिराव नुसतं जीव लावून थांबले नाहीत, 1887 मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्यात यशवंताला वारस म्हणून लिहून ठेवलं, कारण आपल्या मागे काय होणार हे ते ओळखून होते. आणि झालंही तसंच, 1890 मध्ये ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, धरायचा हक्क दत्तक पोराला नाही म्हणून नातेवाईक आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालायला लागल्या. पुढे 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा याच यशवंताने हडपसरजवळ दवाखाना घातला आणि सावित्रीबाई तिथेच रोग्यांची सेवा करताना गेल्या. मला यातलं ते मृत्युपत्र फार मोठं वाटतं. माया होतीच, पण उद्या आपण नसताना कोणी पोराला हात धरून बाहेर काढू नये याची सोय त्यांनी जिवंतपणी करून ठेवली.

तुम्हाला मृत्युपत्र करायला फार काही लागत नाही. साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं आणि त्यांना स्वतःला त्यातून काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करूनच टाका, नंतर वाद घालणं अवघड जातं. 41 व्या वर्षी मृत्युपत्र म्हणजे अपशकुन असं घरात कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि करा.

सासूबाई वाईट नाहीत, त्यांना लेकीचा दुसरा संसार टिकावा एवढंच दिसतंय आणि नातू हा त्यांना त्यात अडसर वाटतो. पण ‘परक्याचं’ हे वाक्य त्यांनी पोराच्या समोर बोलायचं नाही, हे त्यांच्या लेकीने त्यांना बजावून सांगावं, आणि एकदाच पण नीट. आणि मूल हवं की नको हा तुमचा दोघांचा प्रश्न आहे, हवं असेल तर अवश्य होऊ द्या, मात्र ‘स्वतःचं’ हवं म्हणून नको, आणि बातमी कळली की पहिल्यांदा मोठ्याला सांगा, मावशी-मामांच्या ग्रुपवर पडायच्या आधी. त्याला शेजारणीकडून कळलं तर ते निस्तरायला वर्ष जाईल.

शेवटचं पैशांचं. तुम्ही लिहिलंय, ‘त्याच्याकडे भीक कशाला मागायची, मी समर्थ आहे.’ तुमचा स्वाभिमान कळतो, पण हे पैसे तुमचे नाहीत आणि बायकोचेही नाहीत, ते पोराच्या हक्काचे आहेत. बायकोने घटस्फोटाच्या वेळी ‘मला काही नको’ असं लिहून दिलं असेल, बऱ्याच जणी देतात, सुटका हवी असते म्हणून. तिने स्वतःचं सोडलं, पोराचं सोडायचा अधिकार तिलाही नव्हता. तिचं दुसरं लग्न झालं म्हणूनही बापाची जबाबदारी संपत नाही. आधी ज्याला कलम 125 ची पोटगी म्हणायचे ते 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 आहे, त्याखाली अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलासाठी खर्च मागता येतो. मिळालेले पैसे घरात वापरू नका, पोराच्या नावाने खातं उघडून त्यात टाका, दहावीनंतर कामाला येतील. आणि कधीकधी असंही होतं की दर महिन्याला पैसे द्यावे लागले की तो बाप जरा जागा होतो, पोराची चौकशी करायला लागतो. तसं झालं तर तुम्हाला आत कुठेतरी टोचेल, पण पोराचं भलंच आहे त्यात.

वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका. बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, आधी फोनवर विचारायचं असेल तर 15100 ला लावा. जाताना घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत, पोराचा जन्मदाखला, बोनाफाईड, गेल्या दोन वर्षांच्या फीच्या आणि दवाखान्याच्या पावत्या, आणि त्याच्या वडिलांच्या नोकरीची जी काही माहिती असेल ती न्या. अर्ज पोराच्या वतीने बायकोच्या सहीने होईल, तेव्हा तिची सुट्टी बघून दिवस ठरवा, आणि तुम्ही सोबत जा.